सह्या केल्यात, आता मंजुरी द्या : विकसनशील देशांच्या व्यापारमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. व्यापारमंत्री,
‘७७ देशांच्या गटा’तील सर्व सदस्य राष्ट्रे

महोदय, महोदया,

१५ डिसेंबर २०१० रोजी ब्राझीलमधल्या फोझ दो इग्वासू या शहरात ११ विकसनशील देशांनी एका मसुद्यावर सह्या केल्या. विकसनशील देशांनी एकमेकांच्या मालावरचे आयातशुल्क कमी करावे, या हेतूने १९८८ साली बेलग्रेडमध्ये व्यापार सवलतींची एक जागतिक व्यवस्था उभी राहिली होती. तिची तिसरी फेरी २००४ मध्ये साओ पाउलोत सुरू झाली आणि सहा वर्षांच्या वाटाघाटींनंतर ती या सह्यांपर्यंत पोचली. भारत, ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, इंडोनेशिया, मलेशिया, दक्षिण कोरिया, इजिप्त, मोरोक्को आणि क्युबा. नावे वाचली तरी उमेद वाटावी असा हा मेळ होता.

ठरले काय, तर शुल्क लागणाऱ्या मालापैकी साधारण ७० टक्के प्रकारांवरचे शुल्क किमान २० टक्क्यांनी उतरवायचे. हे वीस टक्के चालू दराचे. म्हणजे ज्या मालावर १० टक्के शुल्क आहे त्यावर ८ टक्के लागेल. एवढीच ही सवलत. कोणाचा कारखाना बंद पडावा किंवा कोणाची तिजोरी रिकामी व्हावी असे त्यात काही नव्हते. तरी सह्यांना दहा वर्षे उलटून गेली तेव्हाही हा करार लागू झालेला नव्हता, कारण पुरेशा देशांनी आपापल्या घरी त्याला मंजुरी दिलीच नव्हती. त्या दहा वर्षांत दक्षिणेकडील, म्हणजे विकसनशील, देशांच्या सहकार्यावर किती जाहीरनामे निघाले, याचा हिशेब तुमच्या कचेऱ्यांकडे असेलच.

हे पत्र त्यासाठी आहे. श्रीमंत देशांविषयीची तक्रार इथे करायची नाही. त्यांची शेतीला मिळणारी अनुदाने, कच्च्या मालाला मोकळी वाट आणि पक्क्या मालावर चढते शुल्क, हे सगळे खरे आहे. कच्चा माल विकून पक्का माल घेणाऱ्या देशाची खरेदीची ताकद काळाच्या ओघात घसरत जाते, हे अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ रौल प्रेबिश यांनी १९५० च्या सुमारास मांडले. पुढे १९६४ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास परिषद भरली तेव्हा तिचे पहिले महासचिव तेच होते. त्याच परिषदेच्या शेवटी, १५ जूनला, तुमचा गट जन्माला आला. तेव्हा ७७ असलेले सदस्य आज १३४ आहेत. उत्तरेकडच्या दारावर धडका देण्याचे काम तुम्ही नेटाने केले, त्याबद्दल वाद नाही. पण एका विकसनशील देशाचा माल श्रीमंत देशात शिरताना सरासरी जेवढे शुल्क भरतो, त्याहून जास्त शुल्क तो दुसऱ्या विकसनशील देशात शिरताना भरतो. ही भिंत आपल्याच हातची आहे आणि ती उतरवायला कोणाची परवानगी लागत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या आधीच्या काळातच, १९७९ मध्ये, विकसनशील देशांनी एकमेकांना वेगळी सवलत द्यायला नियमांत जागा करून ठेवली गेली आहे. ती सवलत इतरांना द्यावी लागत नाही. इतकी सोय असून ती वापरायचा आळस का, हे मला आजवर नीट कळलेले नाही.

शुल्काविषयी एवढे पुरे. माझ्या मते खरे दुखणे भरवशाचे आहे.

२० जुलै २०२३ रोजी भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाची निर्यात थांबली होती. जगातल्या तांदळाच्या निर्यातीत भारताचा वाटा साधारण ४० टक्के. तो एका आदेशाने आखडला की झळ कोणाला लागते? पॅरिस किंवा टोकियोला नाही. सेनेगलमध्ये तुकडा तांदूळ हे रोजचे अन्न आहे आणि तो देश भारताकडून तो मोठ्या प्रमाणात घेत असे. पश्चिम आफ्रिकेतल्या आणखी काही देशांची गत वेगळी नव्हती. पुढे सरकारी पातळीवर काही देशांना कोटा मिळाला, पण तो त्यांना मागावा लागला. पांढऱ्या तांदळावरची बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

इंडोनेशियाने २०२२ मध्ये हेच केले. २८ एप्रिलला पामतेलाची निर्यात थांबवली आणि २३ मे रोजी पुन्हा सुरू केली. महिनाही झाला नाही. पण जगातला सर्वांत मोठा निर्यातदार महिनाभर दार लावून घेतो तेव्हा भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या आयातदारांची काय धांदल उडते, हे तुमच्या खात्यातल्या अधिकाऱ्यांना विचारा. तांदळाच्या वेळी दार लावणारा भारत इथे दाराबाहेर उभा होता, हेही लक्षात घ्या. आज जो अडवतो तोच उद्या अडतो.

घरात भाव भडकले की निर्यात रोखण्याचा मोह मला कळतो. मंत्र्याला निवडून यायचे असते आणि उपाशी मतदाराला आंतरराष्ट्रीय करारांची कलमे ऐकवता येत नाहीत. अन्नटंचाईत तात्पुरती निर्यातबंदी करायला जागतिक नियमही मोकळीक देतात. माझे म्हणणे बंदी कधीच करू नका असे नाही. ती करण्याची पद्धत ठरवा. आधी ठरावीक दिवसांची सूचना द्या. ज्या मालाचे सौदे पक्के झाले, ज्याची एलसी (पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी) उघडली गेली, तो माल अडवू नका. आणि जे गरीब देश वर्षानुवर्षे तुमच्याकडून घेत आले आहेत, त्यांना मागच्या खरेदीच्या सरासरीवर ठरलेला वाटा आपोआप मिळू द्या, त्यासाठी त्यांच्या राजदूताला तुमच्या दारात उभे राहायला लावू नका. जून २०२२ मध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी मिळून ठरवले की जागतिक अन्न कार्यक्रमाने मदतीसाठी घेतलेल्या धान्यावर निर्यातबंदी लावायची नाही. मदतीच्या धान्याला जे संरक्षण मिळते ते रोख पैसे मोजून घेतलेल्या धान्याला आपसातही मिळू नये, हे विचित्र आहे. भिक्षेला भरवसा आणि खरेदीला नाही.

ज्याला पुरवठ्याची खात्री नसते तो दुसरीकडे बघतो, महाग पडले तरी. एकदा पोळलेला आयातदार मग गव्हासाठी किंवा तेलासाठी पुन्हा दूरच्या श्रीमंत देशाशी दीर्घ मुदतीचा करार करतो आणि त्याच्या सरकारचे परिषदेतले दक्षिणेचे भाषण तेवढे चालू राहते.

आयातीच्या बाजूनेही हेच घडते. ७ जुलै २०१९ रोजी नायजेरियाने नियामे येथे आफ्रिका खंडीय मुक्त व्यापार करारावर सही केली. ऑगस्टमध्ये त्याच नायजेरियाने शेजाऱ्यांशी असलेल्या जमिनीवरच्या सीमा मालवाहतुकीला बंद केल्या. बेनिनमार्गे होणारी तांदळाची चोरटी आयात हे कारण होते आणि ते खोटे नव्हते. पण सीमा उघडायला डिसेंबर २०२० उजाडले. ज्या व्यापाऱ्याचा माल सरळमार्गी होता, त्यानेही सव्वा वर्ष काय करायचे होते?

आता पैशांकडे वळतो, कारण चर्चा सगळ्यांत जास्त याच विषयाची होते आणि गोंधळही इथेच जास्त आहे. दोन विकसनशील देशांतला सौदा बहुधा डॉलरमध्ये होतो. खरेदीदाराच्या बँकेची एलसी विकणाऱ्याच्या बँकेला पुरेशी वाटत नाही, मग तिच्यावर तिसऱ्या, बहुतेकदा पाश्चात्त्य बँकेचा शिक्का लागतो आणि त्या शिक्क्याची किंमत मालाच्या भावात चढते. शेजारच्या देशाला पैसे द्यायचे, पण ते जातात न्यूयॉर्कच्या वाटेने. यावर उपाय म्हणून हल्ली उठसूट नव्या सामाईक चलनाची घोषणा होते. माझा त्यावर विश्वास नाही. सामाईक चलनाला सामाईक शिस्त लागते, आणि जिथे २० टक्क्यांच्या शुल्ककपातीला मंजुरी मिळत नाही तिथे ती शिस्त कुठून येणार?

साधे मार्ग मात्र आहेत, आणि जुने आहेत. १९७४ मध्ये तेहरान येथे आशियाई क्लिअरिंग युनियन स्थापन झाली. सदस्य देशांच्या मध्यवर्ती बँका आपसातले येणे-देणे लिहून ठेवतात आणि दर दोन महिन्यांनी फक्त उरलेला फरक चुकता करतात. प्रत्येक सौद्याला परकीय चलन मोजावे लागत नाही, उरलेल्या फरकाइतकेच लागते. कल्पना उत्तम, पण सदस्य नऊच राहिले. ब्राझील आणि अर्जेंटिना यांनी २००८ मध्ये स्थानिक चलनात देवघेव करण्याची सोय सुरू केली. तिच्यातून त्यांच्या व्यापाराचा अगदी थोडा हिस्सा गेला. आफ्रिकेत जानेवारी २०२२ मध्ये अक्रा येथून एक सर्व-आफ्रिकी देयक व्यवस्था सुरू झाली, पीएपीएसएस या नावाने. घानाचा व्यापारी सेडी देईल आणि नायजेरियाच्या व्यापाऱ्याला नायरा मिळेल, अशी तिची रचना आहे.

या सोयी का फोफावत नाहीत? कारण सोपे आहे. व्यापार एकतर्फी असेल तर एकाच्या हातात दुसऱ्याचे चलन साचत जाते आणि त्याने विकत घेण्यासारखे पुरेसे काही नसते. रशियाच्या तेलाचे पैसे रुपयांत देऊ करणाऱ्या भारताला २०२३ मध्ये ही अडचण दिसलीच. रशियाचे परराष्ट्रमंत्री गोव्यात येऊन म्हणाले की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. तेव्हा आधी दोन्ही बाजूंनी माल हलला पाहिजे, त्यानंतर चलनाची व्यवस्था कामाला येते. उलट्या क्रमाने गेलात तर पुन्हा एक समिती आणि पुन्हा एक अहवाल. तोवर निदान एकमेकांच्या बँकांच्या एलसीला हमी देणारा निधी वाढवा. आफ्रिकेत १९९३ मध्ये स्थापन झालेली, निर्यात-आयातीला पैसा पुरवणारी एक्झिम बँक हे करते आहे. ब्रिक्स देशांच्या ‘नव्या विकास बँके’ची स्थापना २०१४ मध्ये फोर्तालेझा येथे ठरली, तिथे पाचही संस्थापकांचा वाटा सारखा आहे. तिने रस्ते आणि वीजप्रकल्पांबरोबर छोट्या निर्यातदाराच्या खेळत्या भांडवलाकडेही पाहावे, एवढीच अपेक्षा.

दोन्ही बाजूंनी माल हलण्याची गोष्ट निघाली तर एक अवघड मुद्दा टाळता येत नाही. दक्षिण-दक्षिण व्यापार आता जागतिक व्यापाराच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा झाला आहे, हे आकडे परिषदांमध्ये अभिमानाने सांगितले जातात. त्यात चीनचा आणि पूर्व आशियातल्या कारखान्यांच्या साखळ्यांचा वाटा फार मोठा आहे. आफ्रिकेतून खनिज आणि तेल जाते, यंत्रे आणि फोन येतात. प्रेबिश यांनी उत्तर आणि दक्षिण यांच्यात जे पाहिले तेच इथे दक्षिणेच्या आत चालू आहे, आणि त्याला सहकार्य म्हटल्याने ते बदलत नाही. भारतही यातून सुटत नाही. काजूचेच बघा. जगातल्या कच्च्या काजूपैकी निम्म्याहून अधिक आफ्रिकेत पिकतो. कोत द’इव्हॉर (आयव्हरी कोस्ट) त्यात सर्वांत पुढे. त्यातला मोठा भाग कवचासकट व्हिएतनाम आणि भारतात जातो, तिथे फोडला जातो, सोलला जातो, आणि गर म्हणून युरोप-अमेरिकेला विकला जातो. कवच फोडण्याची मजुरी, प्रतवारी, पॅकिंग, सगळे मोल तिथे वाढते. कोत द’इव्हॉरने अलीकडे आपल्याकडे कारखाने वाढवायला सुरुवात केली आहे. व्हिएतनाम आणि भारत त्याकडे स्पर्धा म्हणून बघणार की तिथे यंत्रे आणि कारागीर पाठवून भागीदारी करणार, यावर मी त्यांच्या सहकार्याच्या भाषणांचे वजन ठरवीन.

शेजाऱ्यांनी हात मिळवला तर काय होते, याचा अर्धवट का होईना पण खरा नमुना कोकोत आहे. जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवणारे कोत द’इव्हॉर आणि घाना यांनी २०१९ मध्ये मिळून जाहीर केले की २०२०-२१ च्या हंगामापासून दर टनामागे ४०० डॉलर जादा द्यावे लागतील, शेतकऱ्याच्या जगण्यापुरते. मोठ्या खरेदीदारांनी आधीपासून मिळणाऱ्या दुसऱ्या एका जादा रकमेचे दर पाडून त्यातला काही भाग परत काढून घेतला. तरी दोन प्रतिस्पर्धी शेजाऱ्यांनी एकच भाव मागितला, ही गोष्ट लहान नाही. कॉफी पिकवणाऱ्या देशांनी त्याकडे जरा बारकाईने पाहावे. कॉफीचे एक झाडही शेतात न लावणारा जर्मनी भाजलेल्या कॉफीचा बडा निर्यातदार आहे.

आणि जिथे आपण एकमेकांना कच्चा माल न विकता गरजेची वस्तू विकली, तिथे काय घडले? फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिपला कंपनीने एड्सची तिहेरी औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तोवर हाच उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होता. आफ्रिकेतल्या रुग्णासाठी या फरकाचा अर्थ वेगळा सांगायला नको. दक्षिणेकडच्या व्यापाराचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. पण आजही औषध कंपनीला प्रत्येक लहान देशात वेगळी नोंदणी करावी लागते, प्रत्येक ठिकाणी वेगळी फाइल, वेगळी तपासणी, वेगळी वाट पाहणे. झांबिया, झिम्बाब्वे, बोत्सवाना आणि नामिबिया यांनी २०१३ मध्ये औषधांची छाननी एकत्र करायला सुरुवात केली. हे चार देश करू शकतात तर १३४ देशांत असे आणखी गट का नसावेत? युरोपातल्या प्रयोगशाळेचा दाखला आपण डोळे झाकून घेतो आणि शेजारच्या देशातल्या प्रयोगशाळेवर शंका घेतो, ही सवय मोडायला खर्चही फारसा नाही.

नाक्यांविषयी थोडक्यात. झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्यामधल्या चिरुंडू येथे डिसेंबर २००९ मध्ये दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी होऊ लागली आणि दिवसांची रांग तासांवर आली. मे २०२१ मध्ये झांबेझी नदीवर काझुंगुला पूल खुला झाला, तेव्हा तराफ्यासाठी ताटकळणाऱ्या ट्रकांची सुटका झाली. तो पूल सरळ नाही, वळणाचा आहे, कारण झिम्बाब्वेची हद्द टाळायची होती. आपल्या सहकार्याचा नकाशा बऱ्याचदा तसाच दिसतो. समुद्रावर तर बरेच बाकी आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका समोरासमोर असूनही त्यांच्यातले कंटेनर अनेकदा युरोपातल्या बंदरात उतरून पुढे जातात, कारण थेट जहाज भरण्याएवढा माल नाही आणि थेट जहाज नाही म्हणून माल वाढत नाही. हे चक्र एकट्या जहाज कंपनीकडून सुटणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत सरकारांनी मिळून जहाजावरची जागा भरण्याची हमी द्यावी लागेल.

हे सगळे आत्ताच का लिहितो, असे विचाराल. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने ज्या देशांवर वाढीव शुल्क जाहीर केले, त्यांत लेसोथोवर ५० टक्के होते. आठवड्याभरात ते स्थगित झाले, पण ज्या लहानशा देशाची कपड्यांची निर्यात अमेरिकेवर टेकलेली आहे त्याच्या कारखान्यांनी त्या आठवड्यात काय अनुभवले असेल, याचा विचार करा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्राझील आणि भारताच्या बऱ्याच मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर गेले. दुसरे गिऱ्हाईक असणे ही आता भाषणातली शोभा राहिलेली नाही. पण लेसोथोच्या जीन्सना दुसरे गिऱ्हाईक मिळायचे असेल, तर ज्या मोठ्या विकसनशील देशांत मध्यमवर्ग वाढतो आहे, त्यांनी आपल्याकडच्या कपड्यांच्या शुल्काला हात घालावा लागेल. मोठ्यांनी आधी उघडावे, लहानांना वेळ द्यावा. भारताने २००८ पासून अल्पविकसित देशांच्या मालाला शुल्कमुक्त प्रवेश द्यायला सुरुवात केली, चीनने डिसेंबर २०२४ पासून राजनैतिक संबंध असलेल्या अल्पविकसित देशांसाठी सगळ्या मालावर शून्य शुल्क केले. दोन्ही पावले चांगली. मात्र माल त्या देशातच बनला हे सिद्ध करणाऱ्या कागदांची अट इतकी किचकट असते की लहान कारखानदार सवलत सोडून पूर्ण शुल्क भरणे पसंत करतो. ती अट सुटसुटीत केल्याशिवाय शून्याला अर्थ नाही.

माझी मागणी लांबलचक नाही. तुमच्या गटाच्या पुढच्या मंत्रिस्तरीय बैठकीत नवा जाहीरनामा मंजूर करण्याआधी एक तक्ता पटलावर ठेवा. १९८८ पासून विकसनशील देशांनी आपसात केलेला प्रत्येक व्यापार करार, प्रत्येक देशाच्या सहीची तारीख, मंजुरीची तारीख आणि अंमलबजावणी सुरू झाल्याची तारीख. मंजुरीची चौकट रिकामी असेल तिथे त्या देशाच्या मंत्र्याने कारण लिहावे. मागच्या पाच वर्षांत प्रत्येकाने लावलेल्या निर्यातबंदी, किती दिवसांच्या सूचनेने लावल्या तेही सोबत. हा तक्ता सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध करा, आणि सुरुवात साओ पाउलो फेरीच्या त्या ११ नावांपासून करा.

आपला,
व्यापाराच्या बातम्या नेमाने वाचणारा एक नागरिक